लंबू कुठे राहतो, याची सरकारी चौकशी

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. सगळं सविस्तर लिही असं तूच म्हणाली आहेस, म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे. मग लांबलं म्हणून कुरकुर करायची नाही. तुझा खोकला गेला हे छान झालं. तुझ्या यजमानांच्या कंबरेला उतार पडला, आणि तो आमच्याकडून आलेल्या पलंगावर झोपायला लागल्यापासून पडला, हे वाचून फार समाधान वाटलं. त्यांना नमस्कार सांग. इकडे माझे गुडघे कामापुरते चालतात. तुझ्या भावजींचे डोळे ऑपरेशननंतर इतके साफ झाले आहेत की माझ्या चेहऱ्यावरचं सगळं त्यांना लांबूनच वाचता येतं, आणि त्यामुळे ते बरेचदा गच्चीवर असतात. उत्तराला उशीर झाला, कारण गेले तीन महिने आम्ही सरकारच्या हातात होतो. (अटक वगैरे नाही. हे वाक्य यजमानांना मोठ्यानं वाचून दाखवू नकोस.)

तुझा राग रास्त आहे. न कळवता एखाद्याच्या दारात टेम्पो उभा करायचा, त्यातून एक अवाढव्य पलंग, कपाट, सायकल, बुटांचं पोतं आणि भिंतीवरचं घड्याळ उतरवायचं, आणि वर चिठ्ठी एवढीच की ‘सांभाळ, का ते मागाहून कळवते’. हे माझ्या हॉस्टेलच्या एखाद्या मुलीनं केलं असतं तर मी तिला उभीच्या उभी ऑफिसात बोलावलं असतं. टेम्पोवाल्यानं आवाज खाली आणून ‘कोण गेलं हो त्यांच्यात?’ असं विचारलं आणि तू तिथेच पायरीवर बसून रडायला लागलीस, हेही कळलं. कुणी गेलेलं नाही. ज्याचा पलंग आहे तो ठणठणीत आहे. भानगड एवढीच झाली की तो कुठे राहतो, हे सरकारला जाणून घ्यावंसं वाटलं.

आधी तुझा एक गैरसमज दूर करते. तू तुमच्या सगळ्या गल्लीत सांगत असतेस की माझा भाचा लष्करात आहे. लंबू लष्करात नाही. लष्करात असता तर हे पत्र लिहावंच लागलं नसतं. परदेशात लष्कर जिथे तळ ठोकतं, तिथल्या थंड कोठारांची, पाणी गार करायच्या यंत्रांची, पंख्यांची आणि जनरेटरची देखभाल एका कंत्राटदार कंपनीकडे असते, आणि लंबू त्या कंपनीचा मेकॅनिक आहे. बंदुकीला त्यानं आजवर हात लावलेला नाही. पाना आणि ग्रीस एवढीच त्याची हत्यारं. राहतो मात्र त्याच काटेरी तारांच्या आत, आणि धोक्याचा भोंगा झाला की सगळ्यांबरोबर त्याच वाळूच्या पोत्यांमागे पळतो. आता कायद्याची बुद्धी बघ (हे मी टीका म्हणून लिहीत नाही, थक्क होऊन लिहिते आहे). सैनिकाला तिथल्या पगारावर आयकर माफ. त्या सैनिकाच्या पिण्याचं पाणी गार ठेवणाऱ्याला माफ नाही. भोंगा एकच, पोती तीच, फक्त धावणारे पाय वेगवेगळ्या कलमांखाली. मी करसल्लागारांना विचारलं, की धोका तर दोघांना सारखाच ना? ते म्हणाले, “बाई, कायदा धोका बघत नाही, नेमणूक बघतो.” असलं वाक्य मला रेक्टर म्हणून तीस वर्षांत एकदाही सुचलं नाही. सुचलं असतं तर किती भांडणं एका फटक्यात मिटवली असती!

हे करसल्लागार म्हणजे एक प्रकरणच आहे. मी सहसा कुणासमोर दबत नाही, तुला माहीत आहे. कॉलेजच्या तीन प्राचार्यांना मी जिन्यात थांबवून हिशेब विचारलेला आहे. पण या गृहस्थांसमोर बसले आणि हात आपोआप मांडीवर आले. खोलीभर छतापर्यंत फायली, आणि त्यांतली एकही न उघडता ते बोलतात. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. वाईट बातमी सांगायची असली की आधी ड्रॉवर उघडून पेपरमिंटची एक गोळी तोंडात टाकतात. दुसऱ्या भेटीपासून मी आणि तुझे भावजी त्यांच्या तोंडाकडे बघायचं सोडून ड्रॉवरकडेच बघत बसायचो. त्यांनी समजावलं ते असं. कंपनी लंबूला नोकर म्हणत नाही, ‘स्वतंत्र सेवा पुरवणारा’ म्हणते. (उठवते भोंग्यानं, जेवायला बोलावते भोंग्यानं, आणि म्हणे स्वतंत्र.) म्हणून ती त्याचा कर कापत नाही, तो त्यानं आपला आपण मायदेशी भरायचा. त्यातून सुटायला एक दार आहे. जो माणूस खरोखरच परदेशी राहून कमावतो त्याला सवलत मिळते, आणि लंबूनं गेली काही वर्षं ती घेतलेली आहे. पण त्या दाराला दोन कड्या. पहिली कडी दिवसांची: वर्षातून मायदेशी ठरावीकच दिवस राहायचं, त्यावर एक जरी झाला तरी सवलत गेली.

आता कळलं का तुला? लंबू येतो आणि चहा निवायच्या आत निघतो, मावशीकडे फिरकत नाही, म्हणून तू त्याच्यावर रुसली होतीस. त्याचं प्रेम कमी नव्हतं, दिवस कमी होते. भावजींच्या मोतीबिंदूच्या वेळेला तो आला होता ना? विमान एक दिवस उशिरा सुटलं असतं तर त्या वर्षाची सवलत बुडाली असती, म्हणून पट्टी सुटायच्या आधीच तो परत गेला. त्या खेपेला तुझ्या भावजींनी मुलगा पाहिला तो एका डोळ्यानं, आणि तोही त्यांचा वाईट डोळा. पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी विचारलं, काय दिसतं? तर हे म्हणाले, “सगळं स्पष्ट दिसतंय, पण आता काय उपयोग?” डॉक्टर बिचारे अजून मला रस्त्यात थांबवून विचारतात, ऑपरेशनमध्ये काही कमी राहिलं का म्हणून.

दुसरी कडी घराची. सल्लागारांनी गोळी तोंडात टाकली आणि म्हणाले, नुसते दिवस पुरत नाहीत. करदात्याचं घर मायदेशी असता कामा नये. मी म्हटलं, अहो, तो तिकडेच झोपतो, तिकडेच जेवतो. ते म्हणाले, झोपतो कुठे हा प्रश्न नाही. काम संपलं की माणूस ज्या ठिकाणी परत जातो, ज्या ठिकाणाशी त्याचं जगणं बांधलेलं आहे, ते ठिकाण कुठे आहे, असं कायदा विचारतो. धाकटे, मी खुर्चीत सरळ झाले. तीस वर्षं मी खोल्याखोल्यांतून हजेरी घेतली, कोण कुठल्या खाटेवर आहे आणि कोण नाही हे मला डोळे मिटून सांगता यायचं, पण ‘तू परत कुठे जातेस?’ असं मी कुठल्याही मुलीला विचारलं नाही. आणि हे विचारणारं कोण, तर आयकर खातं! एखाद्या माणसाचं घर कुठे आहे हे शोधायला सरकारनं पगारी माणसं ठेवलेली आहेत, ही कल्पनाच मला दोन दिवस पचली नाही.

त्या खात्याचीच नोटीस आली होती. लंबूचं घर छावणीतच आहे असं त्यानं लिहून दिलेलं, ते खरं का, याची पाहणी करायला अधिकारी आमच्या घरी येणार होत्या. मुखत्यारपत्र माझ्या नावानं असल्यामुळे उत्तरं मी द्यायची. पेच काय होता तो नीट समजून घे. सवलत टिकली तर चालू करार लंबूचा शेवटचा. त्याचं साठलेलं घेऊन तो येणार आणि स्वतःचं दुरुस्तीचं वर्कशॉप टाकणार. सवलत गेली तर मागच्या वर्षांचा सगळा कर त्या साठलेल्यातूनच जाणार, आणि भर घालायला आणखी एक करार, म्हणजे आणखी दोन वर्षं त्या पोत्यांमागे. थोडक्यात, त्याला घरी आणायचं असेल तर त्याला घर नाही असं मी सिद्ध करायचं. मी तुझ्या भावजींना हे सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग ते गच्चीवर गेले.

मी कामाला लागले. हॉस्टेलची मुलगी खोली सोडून गेली की खोली कशी रिकामी करायची याची माझी एक पद्धत होती, आणि ती पुढे तीन कॉलेजांनी उचलली. आधी सामान, मग भिंतीवरचे खिळे, खिळ्यांची भोकं बुजवायची, कपाटातले कागद काढायचे, दारामागचा चिकटपट्टीचा डाग रॉकेलनं पुसायचा, शेवटी भिंतींना पांढरा हात. खोलीत पूर्वी कोण होतं हे भिंतीलासुद्धा आठवता कामा नये. लंबूची खोली मी तशी रिकामी केली. पलंगानं मात्र छळलं. तो साडेसहा फुटी पलंग तुझ्या भावजींनी स्वतः नकाशा काढून सुताराकडून खोलीतच बांधून घेतला होता (नकाशा खात्यात जन्म गेला, पण तिथल्या कुठल्याही नकाशाचा त्यांना इतका अभिमान नाही). दारातून तो निघेना. सुतार आला, त्यानं दाराची चौकट काढली, पलंग बाहेर घेतला, चौकट परत बसवली, आणि जाताना म्हणाला, “बाई, हा पलंग खोलीतून निघण्यासाठी बनवलाच नव्हता.” मी त्याला मजुरी दिली आणि मतं स्वतःपाशी ठेवायला सांगितलं.

मग शेजारणीचं शिवणयंत्र आणून मधोमध ठेवलं आणि त्या जागेला ‘शिवणाची खोली’ असं जाहीर केलं. तुझ्या भावजींची मी तोंडी परीक्षा घेत होते. मुलगा कुठे राहतो? “परदेशी.” इथे त्याचं काय आहे? “काही नाही.” या दुसऱ्या उत्तराला दर वेळेला त्यांना खोकला यायचा, चष्मा पुसावासा वाटायचा. शेवटी तो प्रश्न मी माझ्याकडे घेतला. तशी मी ठाम होते. एक सांगते, रिकाम्या खोलीत मी एकदाच कारण नसताना गेले, आणि तेही पंखा चालतो का बघायला.

करअधिकारी बाई आल्या त्या ठरलेल्या वेळेच्या ठोक्याला. इथेच मी पहिल्यांदा वचकले, कारण ठोक्याला येणारं माणूस मी आरशाव्यतिरिक्त फारसं पाहिलेलं नाही. वयानं माझ्यापेक्षा थोड्या लहान, जाड तळव्यांचे बूट, केस घट्ट बांधलेले, आणि उंची अगदी आपल्या घराण्याची. म्हणजे रांगेत उभं केलं तर तू, मी आणि त्या, तिघींच्या डोक्यावर एक फळी सरळ बसावी. (आपल्यात लंबू कुणावर गेला, हा प्रश्न त्याच्या सहाव्या वर्षापासून पडलेला आहे आणि त्याला उत्तर नाही.) चहा नको म्हणाल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. हातात फूटपट्टी नाही, टेप नाही, नुसती नजर. ती नजर बघून मला माझी सगळी नोकरी आठवली. मीही अशीच बघायचे, पण माझ्या बघण्याची मुलींना भीती वाटायची. या बाईंच्या बघण्याची भिंतींना वाटत होती.

त्या आधी शिवणाच्या खोलीत गेल्या. काय शिवता? मी म्हटलं, पडदे. त्यांनी खिडकीचा पडदा उलटून दुकानाची चिठ्ठी बघितली आणि पडदा नीट परत सोडला. मग भावजींकडे वळून अगदी सहज, शेजारी विचारतात तसं विचारलं, “मुलगा कुठे असतो?” इतकी तालीम झालेली, धाकटे, इतकी तालीम! हे खुर्चीतून उठले आणि म्हणाले, “बाहेर गेलाय.” कधी येईल, असं बाईंनी विचारलं. “येईलच आता,” हे म्हणाले, आणि सवयीनं दाराकडे बघितलं. कोपऱ्यावरून ब्लेडचं पाकीट आणायला गेलेल्या मुलाबद्दल बोलावं तसं. सात वर्षं तो बाहेर गेलाय! मी मधे पडून सांगितलं, की यांचं वय झालं आहे आणि औषधं चालू आहेत. हे दुखावल्यासारखे म्हणाले, “मला कुठली औषधं?”

तरी मी अजून सावरले असते, कारण खोली रिकामी होती आणि रिकाम्या खोलीला कुणी खोटं पाडू शकत नाही. पण बाईंनी हात धुवायला बेसिन कुठे आहे म्हणून विचारलं. हात धुतले, पुसले, आणि कुठलीही बाई करते तसं केस नीट करायला मान वर करून आरशात बघितलं. आरशात छत होतं. छत आणि दिव्याची तार. त्यांनी टाचा उचलल्या, तरी छतच. मग त्या वळून माझ्या डोक्याकडे बघायला लागल्या. मी त्यांच्या डोक्याकडे बघितलं. दोन्ही डोकी आरशाच्या वीतभर खाली.

“हा आरसा कुणासाठी आहे?”

“पाहुण्यांसाठी,” मी म्हटलं.

“पाहुणे बरेच उंच दिसतात तुमचे,” त्या म्हणाल्या, आणि बेसिनखालून तिवई पायानं ओढून बाहेर काढली. तुझे भावजी रोज तिच्यावर उभे राहून दाढी करतात. मी माझा भांग स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेत बघून पाडते. लंबू कॉलेजात असताना त्याला वाकून दाढी करावी लागायची म्हणून आरसा वर नेला होता. त्यानंतर तो खाली घ्यावा असं आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. धाकटे, खरं सांगते, त्या क्षणापर्यंत मला हे घर जसं असायला हवं तसंच दिसत होतं. मग त्या बाई चालत गेल्या आणि जिकडे बघतील तिकडे काहीतरी उंच निघत गेलं. जेवणाच्या टेबलावरचा दिवा इतका वर बांधलेला की आम्ही दोघं जवळजवळ अंधारात जेवतो, कारण खाली असला की लंबूचं कपाळ लागायचं. दारामागची खुंटी, जिच्यावर मी माझी छत्री काठीनं अडकवते. स्वयंपाकघरातली सगळ्यात वरची फळी, तिच्यावर मोठी पातेली, आणि ती काढायला तो यायची वाट बघायची म्हणून गेली कित्येक वर्षं मी लहान पातेल्यात दोनदा शिजवते. मी एक खोली रिकामी केली होती, बाकीचं घर त्याच्याच मापाचं उभं होतं.

आणि मग तुझ्या भावजींना उत्साह आला. कुणीतरी आपल्या मुलाबद्दल इतकं बारकाईनं बघतंय, याचाच त्यांना आनंद झाला असावा. ते बाईंना स्वयंपाकघराच्या दाराशी घेऊन गेले आणि वरच्या चौकटीला ठोकलेली छोटी गादी दाखवली. “इथे त्याचं डोकं आपटायचं. मी स्वतः बसवली. आत कापूस आहे, दाबून बघा.” बाईंचा हात पोचला नाही. हे तिवई घेऊन आले. आयकर खात्याच्या अधिकारी बाई तिवईवर चढल्या, त्यांनी गादी दाबली आणि म्हणाल्या, “मऊ आहे अजून.” आणि तुझे भावजी, ज्यांनी आयुष्यभर माझ्यासमोर एक वाक्य धड पुरं केलं नाही, ते छाती काढून म्हणाले, “असणारच. मागच्याच वर्षी कापूस बदलला.”

मी पाणी प्यायला निघून गेले.

सुनावणी त्यानंतर महिन्यानं, त्याच बाईंसमोर झाली. सल्लागारांनी काय भाषण केलं! त्यांनी छावणीतलं लंबूचं घर उभं केलं: पत्र्याचा कंटेनर, त्यात चार खाटा, लंबूचे पाय खाटेबाहेर वाटेत आलेले. (त्याचे सोबती त्या पायांवर टॉवेल वाळत घालतात, असा त्यानं पाठवलेला फोटो पुरावा म्हणून दाखल झाला. बाईंनी तो जरा जास्तच वेळ बघितला.) त्याचा जेवणघराचा पास, धोब्याचा नंबर, डब्यात लावलेलं एक रोप. विहिरीतून आवाज येत राहिला आणि मला स्वतःलाच वाटायला लागलं, की हो, याचं घर तिकडेच आहे, आम्ही कोण? मग निकाल वाचून दाखवला गेला. बराचसा कलमांनी भरलेला होता. पण मध्ये एक वाक्य होतं. ते मी उतरवून मागून घेतलं आहे आणि तुला जसंच्या तसं लिहिते: ‘करदात्याची खोली रिकामी आढळली, तथापि उर्वरित घर करदात्याने व्यापलेले असून, घरातील उपस्थित व्यक्ती त्यात गैरसोय सोसून राहत आहेत.’

मी आयुष्यात हजारो अहवाल लिहिले. मुलींच्या वागणुकीचे, आजारपणाचे, उशिरा येण्याचे. मला वाटायचं की कमी शब्दांत नेमकं लिहावं ते मीच. हे वाक्य ऐकलं आणि धाकटे, ती समजूत तिथेच संपली. आम्ही दोघं सात वर्षं ज्याबद्दल एक अक्षर एकमेकांशी बोललो नाही, ते एका अनोळखी बाईनं हात धुता धुता बघितलं आणि शिक्का मारून दिलं. शेवटी लिहिलं होतं, की करदात्याचं घर आईवडिलांच्या पत्त्यावर आहे आणि होतं, सबब सवलत नामंजूर. ‘आहे आणि होतं.’ तुझे भावजी माझ्या कानाशी लागून म्हणाले, “म्हणजे आपण जिंकलो का?” मी म्हटलं, गप्प बसा, हरलो.

बाहेर पॅसेजमध्ये बाई समोरून आल्या. मला वाटलं सरळ निघून जातील. थांबल्या आणि म्हणाल्या, “खोली मात्र तुम्ही सुरेख रिकामी केली होतीत. माझ्या नोकरीत अशी पाहिली नाही. भाडेकरूसुद्धा एखादा खिळा मागे सोडतो. कुणी खरोखर गेलेलं असलं की खोली इतकी रिकामी नसते.” कामाची दाद आणि कानउघाडणी एकाच श्वासात. मी नमस्कार केला. आयुष्यात फार थोड्या लोकांना केला आहे तसा, मान खाली घालून.

सल्लागारांनी ऑफिसात दोन गोळ्या एकदम तोंडात टाकल्या. कर हप्त्यांनी भरता येईल, म्हणाले, पण लंबूला आणखी एक करार करावाच लागणार. अपील करू, तीस दिवसांची मुदत आहे, आणि मी ते जिंकून देईन, असंही म्हणाले. घरातल्या आरशाच्या उंचीवरून कुणाचं घर ठरतं का, आणि तीही न मोजता? मग फार खिन्न होऊन म्हणाले, “तोपर्यंत सवलतच नाही, म्हणजे त्यानं दिवस मोजण्यातही आता काही अर्थ राहिला नाही.” मी ते वाक्य ऐकून घेतलं आणि घरी आले.

तर हे असं झालं. कर भरू. मुलगा धडधाकट आहे, कामाला वाघ आहे, आणखी दोन वर्षं म्हणजे काही जन्म नव्हे. मी मुळीच खचलेले नाही आणि तूही तिकडे डोळे पुसत बसू नकोस. कायदा हा कायदा आहे, आणि तो इतक्या डोळसपणे चालवणारी माणसं आहेत, हे बघून मला तर धीरच आला. प्रकृतीला जप, खोकल्याला थंड पाणी पिऊ नकोस, आणि यजमानांना कंबर वळवून बसू देऊ नकोस.

तुझी,
ताई

ता. क. पलंग परत पाठव. पुढच्या गुरुवारच्या आत इथे पोचला पाहिजे. सुताराला चौकट काढायला बोलावलेलं आहे, आणि त्याला जे काही म्हणायचं असेल ते या वेळेला मी ऐकून घेणार आहे. यजमानांच्या कंबरेला खाली सतरंजी टाकून झोपणंच उत्तम, असं माझं पहिल्यापासून मत होतं; वाईट वाटायला नको म्हणून मी बोलले नव्हते.

ता. क. २. कपाट, सायकल, बुटांचं पोतं आणि घड्याळही पाठव. घड्याळाला किल्ली देऊ नकोस, ते तुझे भावजी देतात. उशीचा अभ्रा तू धुतला नसलास तर धुवू नकोस. धुतला असलास तर तसं मला कळवू नकोस.

ता. क. ३. अपिलाचं लिहायचं राहिलं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी लंबूला फोन लावला आणि सल्लागार म्हणाले ते सगळं सांगितलं, की अपील जिंकण्यासारखं आहे. त्यानं विचारलं, “आई, जिंकलो तर मला वर्षाला किती दिवस येता येईल?” मी म्हटलं, पूर्वीसारखेच, मोजून. “आणि नाही केलं तर?” मी म्हटलं, तर कोण मोजतंय? पलीकडे त्यानं कुठलंतरी घरघरणारं यंत्र बंद केलं. मग म्हणाला, “राहू दे अपील. हा करार संपतोय. पुढचा चार महिन्यांनी धरतो. बाबांना सांग, पट्टी नसलेल्या डोळ्यांनी बघा म्हणावं.” मी त्याला म्हटलं, पैशांचा नीट विचार कर. तो म्हणाला, केला.

सल्लागारांशी वाद घालायची माझी छाती झाली नाही. मुदत संपल्यावर त्यांचा फोन आला, तेव्हा मी सांगितलं की तारीख माझ्या ध्यानातून गेली. ते फार मायेनं म्हणाले, “असू द्या बाई, वय झालं की होतं असं.” मी हो म्हटलं.